जास्त किडे कुणाकडे

पांढरा कपडा टेम्पोत चढवत होतो, तेवढ्यात समोरच्या चहावाल्याने टपरीतून मान बाहेर काढली.

"कोण गेलो?"

"कोण नाय," मी म्हणालो.

"मग पांढरो कपडो कित्याक?"

त्याचं चूक नव्हतं. मंडपाच्या धंद्यात रंगाला अर्थ असतो. लाल-पिवळा लग्नाला, निळा सत्कार-समारंभाला, आणि कोरा पांढरा तेराव्याला. माझ्या गोदामातला पांढरा कपडा बाहेर निघाला की तालुक्याचं गाव आधी हळहळायचं आणि मग कोणासाठी ते विचारायचं.

"सासुरवाडीक चललंय, आडखोलात," मी सांगितलं. "एक मॅडम इली हा. झाडावरचे किडे खाली पाडून मोजतली. ते पडाक कपडो व्हयो."

चहावाल्याने यावर बराच विचार केला.

"किड्यांक मंडप," तो म्हणाला. "करा, करा. धंद्याक काय."

मॅडम म्हणजे डॉक्टर मृण्मयी बोबडे. नागपूरच्या. डॉक्टर म्हटल्यावर आडखोलातल्या दोघा-तिघांनी त्यांना गुडघे दाखवून घेतले होते, पण त्या कीटकांच्या डॉक्टर होत्या, आणि त्याही झाडाच्या शेंड्यावर राहणाऱ्या कीटकांच्या. टेम्पोत माझ्या शेजारी बसून त्यांनी मला सगळं समजावलं. जिथे झाडांच्या जाती अनेक, तिथे वर राहणाऱ्या किड्यांच्या जातीही अनेक. प्रत्येक झाडाचे आपले खाणारे वेगळे, त्या खाणाऱ्यांना खाणारे वेगळे, आणि त्या दोघांच्याही जिवावर उठलेले आणखी वेगळे. हे सगळं माणसाला दिसत नाही, कारण माणूस खालून चालतो आणि वर बघत नाही.

"मी बघतो," मी म्हणालो. "मंडपवाल्याला वरच बघावं लागतं."

"मग तुम्हीच खरे माझे सहकारी," त्या म्हणाल्या. आनंदी बाई होती. तोपर्यंत तरी.

आडखोलात गांगोची राई आहे. गांगो म्हणजे गावाचा राखणदार देव, आणि राई म्हणजे त्याचं रान. किंजळ, नाणा, सातवीण, ओवळ, सुरंगी, बेहडा, जांभूळ, जे उगवेल ते. तिथली काडी कोणी घरी नेत नाही. वाळून पडलेलं लाकूडही तिथेच कुजतं. मला ती जागा आवडायची. लग्न ठरल्यावर प्रेमाशी, म्हणजे माझ्या बायकोशी, पहिल्यांदा मोकळेपणाने बोललो ते त्या राईच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर बसून. आम्ही दोघंही तासभर डासांबद्दल बोललो होतो, पण बोललो होतो.

राईला लागून माझ्या सासऱ्यांची बाग. विश्राम धुरी. नुसती हापूसची कलमं, एका ओळीत, एका उंचीची, शाळेतल्या कवायतीसारखी. मामा, म्हणजे सासऱ्यांना मी मामाच म्हणतो, सरळ मनाचा माणूस. खोटं बोलायचे नाहीत, आणि समोरच्याचं खरंही लवकर मानायचे नाहीत. त्या वेळी सलग दुसऱ्या वर्षी त्यांचा मोहर तुडतुडे खात होते. तुडतुडा म्हणजे तिळाएवढा किडा. मोहराचा रस पितो आणि वर चिकट पाणी सोडतो. त्यावर काजळी धरते, पानं काळी पडतात आणि मोहर जळून हातात येतो. मामांनी औषधं मारली, मग जास्त कडक औषधं मारली. तुडतुडे ती पिऊन उलट तरतरीत झाले. मग मामांनी निष्कर्ष काढला की तुडतुडे आपल्या बागेतले नाहीतच. ते राईतून येतात.

"राय म्हणजे किड्यांची धर्मशाळा," ते गावात सांगत फिरायचे. "थयसर ऱ्हवतत, हयसर जेवतत."

गावाला ते पटलं होतं. आडखोलात सगळ्यांचीच कलमं. मामांची मागणी अशी, की राईची बागेकडची झाडं तोडून तिथे मोकळी पट्टी काढायची आणि उरलेल्या राईवर एकदा कडक औषधाची फवारणी घ्यायची. मॅडम किडे मोजणार हे कळल्यावर मामा खूश झाले. इतके दिवस ते जे तोंडाने सांगत होते, ते आता नागपूरचं कोणीतरी मोजून सांगणार होतं.

निघताना प्रेमाने मला बजावलं होतं, "बाबांच्या बाजूने बोलू नका. मॅडमच्या बाजूने बोलू नका. जेवा आणि या."

संध्याकाळी आम्ही राईच्या तोंडाशी पोचलो, तर अर्धा गाव जमलेला. राईत मॅडमचं धुराचं यंत्र न्यायचं म्हणजे देवाला विचारायला हवं. सगुण गुरव आधीच गांगोच्या पाषाणासमोर उभे होते. मॅडमनी ओढणी डोक्यावर घेतली, चपला काढल्या आणि पुढे जाऊन हात जोडले. त्या कुठेही गेल्या तरी तिथल्या रीतीने वागायच्या. ही फार चांगली सवय आहे, पण प्रत्येक वेळी नाही.

सगुण गुरवांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा गांगो म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या दाराक इली हत..."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"होय महाराजा," मॅडम म्हणाल्या. एक क्षण मागे पडल्या, पण मनापासून.

"हो विश्राम धुरी म्हणता, कीड रायेची. राय काय बोलणा नाय, तिका तोंड नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"होय महाराजा."

"तर ही बाय उद्या सकाळी दोनय जागेचे किडे मोजतली. जेच्याकडे जास्त गावतले, तो दोषी. जो दोषी, तेची हद्द एक ओळ मागे सरांदे, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"होय महाराजा!" मॅडमना आता ताल सापडला होता. या वेळी त्या गावाच्याही आधी म्हणाल्या.

मी मागे बांबू उतरवत उभा होतो. खांद्यावरचा बांबू तसाच राहिला.

गुळाचा खडा वाटून झाल्यावर मॅडम माझ्याकडे आल्या. "किती सुंदर प्रार्थना आहे. अर्थ काय होता?"

"पहिला भाग प्रार्थना होती," मी म्हणालो. "शेवटचा भाग करार."

मी त्यांना शब्दाला शब्द सांगितला. त्यांच्या हातातला गूळ तसाच राहिला.

"म्हणजे राईत जास्त किडे निघाले तर राई तोडणार?"

"एक ओळ. आणि उरलेल्या राईवर फवारणी. ते गाऱ्हाण्यात नाही, पण ठरलेलं आहे."

"आणि मी याला हो म्हटलं?"

"तीनदा. शेवटचं फार छान म्हटलंत."

त्या गडग्यावर बसल्या.

"अहो, पण राईतच जास्त निघणार! माझा सगळा अभ्यासच हे सांगतो. जितकी झाडं वेगळी, तितके किडे जास्त. गेली नऊ वर्षं मी दुसरं काही बोललेली नाही!"

"मग झालं," मी म्हणालो.

"मी जाऊन सांगते की मला कळलं नव्हतं."

"देवाला सांगणार? देव म्हणेल, कळत नव्हतं तर इतक्या जोरात कशाला म्हटलंस?"

त्या हसल्या नाहीत. डोळे भरून आले होते त्यांचे. मलाही त्यांची कणव आली. मी एक तोडगा सुचवला. कपडा माझा, बांधणार मी. राईत जरा अपुरा बांधू. ताण चुकला, मधे फट राहिली, मंडपात असं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे सारखाच. सेंटिमीटरला सेंटिमीटर. नाहीतर मी इथवर आले कशाला?"

रात्री मामांकडे जेवायला सोलकढी आणि वड्यांचा बेत होता. मामा इतके आनंदात होते की त्यांनी मॅडमना स्वतः आग्रह करून वाढलं. मॅडम प्रत्येक वड्याकडे तो आपला शेवटचा असल्यासारख्या बघत होत्या.

सकाळी उजाडताना वारा पडलेला असतो, म्हणून ती वेळ. आम्ही आधीच कपडे बांधले होते. चार कोपऱ्यांना बांबू, मधे झोळ. मंडपात जो कपडा डोक्यावर असतो तो गुडघ्याशी. अर्धा कपडा राईत, सात-आठ जातींच्या झाडांखाली. अर्धा बागेत, मोहरलेल्या कलमांखाली. मॅडमचं यंत्र डेंग्यूच्या साथीत गल्लीतून फिरवतात तसलं होतं. औषध फुलांपासून काढलेलं, किड्यांना गुंगी आणणारं. सगुण गुरवांनी धूर पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, "धूप तो धूप." धूर सरळ वर चढला आणि फांद्यांत शिरला. मग आम्ही वाट बघत उभे राहिलो.

आधी राईतल्या कपड्यावर टपटप सुरू झाली. मी आयुष्यभर कपडे बांधले, पण कपड्यावर असलं काही पडताना पाहिलं नव्हतं. हिरवे भुंगे, तांबूस भुंगे, काडीसारखे किडे, पानासारखे किडे, पानं समजून बघावं तर खरोखर पानंच. लाल मुंगळे, ढालकिडे, कोळी, सुरवंट, मुंगीएवढ्या गांधीलमाश्या. मॅडम कपड्याच्या कडेने गुडघ्यांवर फिरत होत्या. क्षणभर आनंदाने त्यांचा चेहरा उजळायचा, मग त्यांना करार आठवायचा.

गाव सरकत सरकत कपड्याभोवती जमला. बायकांनी तोंडाला पदर लावले. कोणीतरी म्हणालं, "बापरे, ह्या सगळा आमच्या डोक्यार होता?"

मामा मागे हात बांधून उभे होते. लग्नात वरमाई उभी राहते तसे.

"मॅडम," ते म्हणाले. मॅडमशी बोलताना ते शुद्ध बोलायचे. "सगळ्यांच्या समोर सांगा. किडे जास्त कुठे आहेत?"

मॅडम उठल्या. गुडघ्यांची माती झटकली. मी मनात म्हणत होतो, बाई, निदान खोकल्याचं निमित्त करा.

"राईत," त्या म्हणाल्या. "बागेतला कपडा मी पाहून आलेय. तिथे एखाद-दुसरीच जात आहे. इथे शंभराच्या वर सहज निघतील. जाती राईत जास्त आहेत."

"आयकलास सगळ्यांनी?" मामा गावाकडे वळले. "राय!"

गाव हलला. दोन माणसं कोयते घेऊन पुढे निघालीसुद्धा. मॅडम सांगत होत्या, जाती म्हणजे संख्या नव्हे, जाती जास्त असणं हे चांगलं असतं. पण तो आवाज फार बारीक होता आणि चांगले किडे ही कल्पना आडखोलात नवीन होती. सगुण गुरव पाषाणाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना ते बघवत नव्हतं. मलाही.

आणि मामा तिथेच थांबले असते तर राई गेली असती. पण मामांना नुसतं जिंकायचं नव्हतं. दोन वर्षं जो शत्रू त्यांचा मोहर खात होता, तो त्यांना गावाला धरून दाखवायचा होता.

"थांबा रे," ते कोयतेवाल्यांना म्हणाले. "आधी तुमका चोर दाखयतंय. जावयबापू, माझो चष्मो खंय आसा?"

चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. तो खाली ओढून मामा राईच्या कपड्याशी उकिडवे बसले.

तुडतुडा मामांइतका आडखोलात कोणी ओळखत नव्हतं. उडतानाच्या आवाजावरून ओळखायचे. त्यांनी एका कोपऱ्यापासून सुरुवात केली.

"हो कोळी," ते म्हणाले. "हो भुंगो. हो पण भुंगो, पण येगळो. ह्या काय ता माका ठावक नाय. हो कोळी. हो मुंगळो, तोंडात कायतरी धरल्यान हा..."

ते वाकले. मुंगळ्याच्या तोंडातलं बोटाच्या नखावर घेतलं. तुडतुड्याचा पंख होता. नुसता पंख.

मामा पुढे सरकले. अर्धा कपडा झाला. गाव उभा राहून कंटाळला आणि बसला. कोयतेवाले कोयते टेकून विडी ओढायला लागले. मामांना शेवटी एक तुडतुडा सापडला. मग बऱ्याच अंतरावर दुसरा. दुसऱ्यावर एक कोळी बसलेला होता आणि धुरानेही त्याने पकड सोडली नव्हती.

"दोन," कोणीतरी म्हणालं.

"गप," मामा म्हणाले.

ते उठले. गुडघे कुरकुरले. ते गडगा ओलांडून आपल्या बागेत गेले. मागून आम्ही सगळे.

बागेतला कपडा लांबून स्वच्छ दिसत होता. त्यावर फक्त राखाडी धूळ पडली होती, एकसारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मामांनी त्यावर हाताची सावली धरली. गुंगी उतरायची वेळ झाली होती. धूळ हलली. मग तापल्या तव्यावर तीळ टाकावेत तशी सगळी धूळ एकदम उडायला लागली. मामांच्या सदऱ्यावर, चष्म्यावर, भुवयांवर तुडतुडे बसले. सगळे तुडतुडे. दुसरं काही नाही. एक कोळी नाही, एक मुंगळा नाही.

मामांनी ते झटकले नाहीत.

"ह्यांका खाणारो कोण नाय हयसर?" त्यांनी मॅडमना विचारलं. शुद्ध बोलायचं ते विसरले होते.

"होते," मॅडम हळूच म्हणाल्या. "तुमच्या औषधाने आधी ते मेले. आणि परत यायला त्यांना इथे दुसरं झाड नाही. राईत असतात, पण राईत त्यांना खायला भरपूर. इकडे ते कशाला येतील?"

मामा कलमांकडे बघत होते. गडग्यालगतची पहिली ओळ त्यांनी स्वतः लावलेली होती. वडिलांनी नाही, गड्यांनी नाही. लग्नानंतरच्या पावसात त्यांनी आणि माझ्या सासूबाईंनी त्या एका ओळीसाठी डोक्यावरून माती वाहिली होती. सासूबाई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मला हे माहीत होतं, गावालाही माहीत होतं.

"विश्राम," शेवटी सगुण गुरव म्हणाले, "जाती मोजल्यार राय दोषी, डोकी मोजल्यार बाग. गाऱ्हाण्यात नुसता जास्त म्हटलेला. माझी चूक झाली. परत गाऱ्हाणा घालूया, हो सवदो मोडूया."

ही मोठी सवलत होती. मॅडमनी सुटकेचा श्वास घेतला. कोयतेवाले घरी जायला उठले.

"मोडूचो नाय," मामा म्हणाले. "मी बोललेलंय कीड रायेची. ती माझी निघाली. एक ओळ मागे."

"अरे पण—"

"देवाक फसवतंय काय मी? गडगो काढा आनि ओळीच्या हयल्या अंगाक घाला."

आणि ते घरात निघून गेले. मी मागोमाग गेलो. ते माजघरात भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी बाहेर आलो आणि कपडे सोडायला लागलो.

गडगा हलवायला गावाने आठवडा लावला. त्या दिवसापासून ती ओळ गांगोची. तिथला आंबा सोडाच, काटकीही घरी आणायची नाही. फवारणी नाही, खत नाही, छाटणी नाही. पहिली काही वर्षं ती कलमं वाईट दिसली. खाली राईची रोपं उगवली, किंजळ, सुरंगी, बेहडा, आणि कलमांच्या ओळीला ओळ म्हणावं असं काही राहिलं नाही. उरलेल्या बागेत मामांनीही मधे मधे कसली कसली रोपं लावली. कोणी विचारलं तर सांगायचे, "सावलेक." हापूसच्या बागेत सावली कोणाला हवी असते, हे कोणी विचारलं नाही.

मॅडम नंतर दोनदा आल्या. दोन्ही वेळा गाऱ्हाण्याला तोंड घट्ट मिटून उभ्या राहिल्या.

मग त्या ओळीला आंबे लागायला लागले. औषधाशिवाय. दर वर्षी थोडे, पण दर वर्षी. ते पिकायचे, गळायचे आणि तिथेच कुजायचे. राखण मामा स्वतः करायचे. गावातलं कोणी त्या बाजूला घुटमळलं की मामांचा आवाज यायचा, "देवाचो आसा तो!" आमच्या मुलीने एकदा एक कैरी उचलली होती, तर तिला कान धरून परत ठेवायला लावली. प्रेमा त्यांच्यावर चिडली. दोन दिवस बापलेक बोलले नाहीत.

गेल्या उन्हाळ्याच्या आधीचा उन्हाळा. मामांना आता काठीनेही चालवत नव्हतं, म्हणून आम्ही आडखोलातच येऊन राहिलो होतो. रोज दुपारी मी त्यांना मंडपाच्या खुर्चीत बसवून गडग्याशी नेऊन ठेवायचो. एका दुपारी वरून एक आंबा सुटला, गडग्याच्या दगडावर आपटला आणि उडून नेमका आमच्या बाजूला, मामांच्या पायाशी आला. पिवळाधमक, एका बाजूने फुटलेला. वास आमच्यापर्यंत आला.

मी तो उचलला आणि राईत टाकायला हात मागे घेतला.

"हयसर हाड, माझ्याकडे दी," मामा म्हणाले.

मी आंबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला. डोळे मिटले.

"हो वयल्या अंगाच्या कलमाचो," ते म्हणाले. "तुझ्या सासूने लावलेला ता. देवाक दिल्यावर पयली चार वर्सां आंबटढाण होतो. आता बघ कसो मधासारखो झालो. खालच्या कलमाचो मातर अजून आंबट आसा. तेका आनि दोन वर्सां लागतली."

मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्या मुलीचा कान मला आठवला.

मामांनी डोळे उघडले. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या सावकाश लक्षात आलं. त्यांनी आंबा माझ्या हातात परत दिला.

"काय बघतंस?" ते म्हणाले. "टाक थय. देवाचो आसा तो."

मी आंबा गडग्यापलीकडे हळूच ठेवला, हात पोचेल इतक्या अंतरावर, आणि त्यांच्यासाठी पाणी आणायच्या निमित्ताने घराकडे गेलो. पाणी आणायला मी बराच वेळ लावला.